बहिऱ्यालाही ऐकू जाईल असं

गाड्यांना टेप बसवून देणाऱ्या टेपवाल्याच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच फर्मान सोडायचं, की असं काही बसवा की बहिऱ्यालाही ऐकू गेलं पाहिजे, आणि टेपवाला दर वेळी तेच ठरावीक हसू हसायचा. त्यामुळे मास्तरिणीनं गाडीची किल्ली काउंटरवर आपटून तेच वाक्य म्हटलं, तेव्हा त्याचं हसू सवयीनं निम्म्यावर आलं आणि तिथंच अडकलं, कारण समोरची बाई हसत नव्हती.

"दात कसले काढताय? खरंच सांगतेय. नवरा बहिरा आहे माझा."

टेपवाल्यानं हसू आवरलं. "ताई, कानच गेले असतील तर मी काय..."

"कान गेले, बाकीचा माणूस आहे ना शिल्लक! डॉक्टर म्हणाले, जाड आवाज असला तर तो हाडांना कळतो. म्हणून मला जाडातला जाड आवाज पाहिजे. अगदी माझ्यासारखा."

आता मास्तर म्हणजे काही शाळेतले मास्तर नव्हेत. गाडी शिकवणारे मास्तर. निम्म्या गावाला त्यांनी क्लच आणि ब्रेकमधला फरक सांगितला, आणि मास्तरीणही त्यांच्याकडेच शिकायला आली होती. तिसऱ्या दिवशी तिनं दवाखान्याचं फाटक पाडलं आणि चौथ्या महिन्यात लग्न झालं. दोघंही एक नंबरची खोडकर. तिनं त्यांच्या विजारीचे खिसे शिवून टाकावेत, त्यांनी साखरेच्या डब्यात मीठ भरून ठेवावं. एकदा ती बहिणीकडे चार दिवस जास्त राहिली म्हणून मास्तर दारातच डोळे पांढरे करून मेल्यासारखे पडून राहिले, आणि तिनं रडण्याऐवजी सरळ बादलीभर गार पाणी ओतलं. पंचवीस वर्षं असाच संसार चालला. दोघांत बोलायची ती, ऐकायचे ते. "तुझ्या बोलण्यानं कान किटले माझे, जरा हळू बोल ना," असं मास्तर रोज एकदा तरी म्हणायचे, आणि ती म्हणायची, "किटू द्या, घासून देईन."

मग तो ताप आला. ताप उतरला त्या सकाळी मास्तर अंथरुणात उठून बसले आणि म्हणाले, "अगं, मला ऐकू येत नाहीये."

आणि मास्तरिणीला काय वाटावं? तिला वाटलं, आला माणूस रंगात. बरं वाटलं की पहिली खोडी माझीच! मग ती काय कमी होती? तिनं नुसते ओठ हलवायला सुरुवात केली. आवाज न काढता. चहा हवा का, औषध घेतलं का, सगळं नुसत्या ओठांनी, हात हलवून, भुवया उडवून. मास्तरांचा चेहरा उतरला, तर ती मनात म्हणाली, काय सोंग वठवतात! मास्तर ओरडले, तर तिनं आणखी मोठे ओठ हलवले. असे दोन दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाजारातून आली, तर मास्तर जमिनीवर बसून स्वतःच्या दोन्ही कानांवर चपराका मारत होते, एकामागून एक, आणि तेव्हा कुठं तिच्या हातातली पिशवी गळाली.

डॉक्टरांनी तपासलं, कागदावर रेघा काढल्या, आणि मास्तरांना कळणार नाही म्हणून तिच्याकडे बघून म्हणाले, "दोन दिवस आधी आणलं असतं तर काहीतरी हाती लागलं असतं."

या गोष्टीला सात महिने झाले होते. सात महिन्यांत मास्तर एक शब्द बोलले नव्हते. ऐकू येत नाही तर बोलायचं कशाला, असं त्यांनी कुठंतरी आत ठरवूनच टाकलं असावं. शिकवणं सुटलं, गाडी इमारतीखाली धूळ खात उभी राहिली. तिनं लहान मुलांची पाटी आणली, तर ते ती वाचायचे आणि उपडी घालून ठेवायचे. भाजी कोणती करू, एवढं लिहिणं जमायचं तिला. पण ते दोन दिवस पाटीवर कसे लिहायचे? तीन वेळा लिहायला बसली आणि तीन वेळा पदरानं पुसलं. ते लिहून सांगायचं नव्हतंच. ते सांगताना आवाज फुटला पाहिजे, मध्येच हसू आलं पाहिजे, त्या हसण्याची लाज वाटून रडू आलं पाहिजे. खडूला यातलं काय येतं? ओट्याशी उभी राहून ती सवयीनं हाक मारायची, "अहो, ऐकलं का?" आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवायची.

एकदा यांच्या कानात, कानात नाही तर हाडात, माझं बोलणं शिरू दे. मग मला मारू दे, घराबाहेर काढू दे. एवढ्यासाठी ती टेपवाल्याच्या दारात उभी होती.

"कंपनीचा टेप काढायचा नाही हं," तिनं बजावलं. "त्यांच्या बोटांना ती बटणं पाठ आहेत."

"नाही काढत. पण त्या टेपला मागं सबवूफर, म्हणजे जाड आवाजाची पेटी, जोडायची सोयच दिलेली नसते. तेव्हा मागच्या स्पीकरच्या वायरीतून आवाज चोरायचा, एका छोट्या डबीतून ॲम्प्लिफायरला पाजायचा आणि तिथून पेटीला द्यायचा."

"चोरायचा?"

"स्पीकरला कळतही नाही हो. जाड आवाज वायरीत आधीपासून असतोच. लहान स्पीकरला तो बोलून दाखवता येत नाही, पेटी दाखवते. पेटीचं स्वतःचं काही म्हणणं नसतं ताई. वायरीत असेल तेवढंच बोलते."

"मग माझ्यापेक्षा शहाणी म्हणायची."

दिवसभर काम चाललं. करंगळीएवढी जाड लाल वायर बॅटरीपासून निघाली, इंजिनामागच्या पत्र्यातल्या रबरी भोकातून आत आली आणि दाराच्या कडेनं गालिच्याखालून मागं गेली. मागच्या सीटखाली पत्र्याचा रंग खरवडून तिथं काळी वायर स्क्रूनं आवळली. डिकीत काळ्या कापडानं मढवलेली पेटी बसली, चांगली ट्रंकेएवढी, मध्ये ताटाएवढा गोल पडदा. या सगळ्या वेळात मास्तरीण स्टुलावर बसून बोलत होती. सात महिन्यांचं साचलं होतं आणि समोर ऐकू येणारा माणूस होता. तिनं त्याला फाटक पाडल्यापासून सगळं सांगितलं, फक्त ते दोन दिवस सोडून. शेवटी शेवटी टेपवाला डिकीत अर्धा बुडालेला असताना आतून काहीतरी म्हणाला, तेव्हा तिनं आपलं वाक्य न तोडता "हो हो" म्हटलं आणि पुढं चालू ठेवलं.

रविवारी दुपारी तिनं मास्तरांना बाहीला धरून खाली आणलं. ते आपल्या नेहमीच्या, शिकवणाऱ्याच्या जागेवर बसले, गुडघ्यांवर हात, समोर भिंत. ती शिकाऊ माणसाच्या जागेवर बसली, इंजिन चालू केलं, गाणं लावलं आणि बटण शेवटपर्यंत पिळलं. पुढचे बारके स्पीकर केकाटले. तिच्या तळपायांना मुंग्या आल्यासारखं झालं. वाजत असणार, ती मनात म्हणाली. मास्तर तसेच. एक कडवं गेलं, दुसरं गेलं. आणि मग त्यांचा उजवा हात गुडघ्यावरून उठला आणि समोरच्या डॅशबोर्डवर पडला, अनोळखी जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा, हळूच, पूर्ण पंजा टेकून. डोळे मिटले. गाणं संपलं. दुसरं लावायला तिनं हात पुढं केला, तेवढ्यात मास्तर बोलले. सात महिन्यांचा गंज चढलेला आवाज, पण शब्द स्वच्छ.

"जरा हळू बोल ना."

ती इतकी हसली, इतकी हसली, की स्टिअरिंगवर डोकं आपटून भोंगा वाजला. पंचवीस वर्षं रोज ऐकलेलं वाक्य! तिनं त्यांच्या दंडावर गुद्दा मारला, पदरानं त्यांचं तोंड पुसलं, स्वतःचं पुसलं, आणि नवी नवरी असल्यासारखी त्यांना वर घेऊन निघाली. पहिल्या मजल्याच्या वळणावर तिचा पाय थबकला. मास्तर ते म्हणाले तेव्हा गाणं संपलेलं होतं. आणि तिचं तोंड, जन्मात बहुधा पहिल्यांदाच, बंद होतं.

हाडात घुमत राहिलं असेल, तिनं स्वतःला समजावलं आणि जिना चढली.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर आपणहून खाली जायला लागले. सकाळचा चहा झाला की तासभर, दुपारी जेवण झालं की दोन तास. आणि वर आले की बोलायचे! तिला काय करू आणि काय नको असं झालं. एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, "न्हाणीघरात नळ सोडून रडत बसत जाऊ नकोस. पाणी वाया जातं."

तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली. दार लावून, नळ सोडून, तोंडात पदर कोंबून ती रडायची, आणि मास्तरांना तर ढोल बडवला तरी कळत नव्हता. तिनं पाटी ओढली. कुणी सांगितलं?

"तूच की. गाडीत."

आणि मास्तरिणीला काय वाटलं असेल? तिला वाटलं, आला माणूस रंगात! डोळे लाल दिसले असतील, त्यावरून ताडलं आणि आता मला खेळवतायत. म्हणजे खोडकर मास्तर परत आले. तिनं हात जोडून नाटकी नमस्कार केला, तेही हसले. एकदा जी चूक करून ती सात महिने जळत होती, तीच चूक तिनं चहा गाळता गाळता पुन्हा केली, आणि वर त्यांच्या कपात एक चमचा साखर जास्त घातली.

पण पुढं पुढं त्या हसण्यात कुसळ टोचायला लागलं. मास्तर म्हणायचे, "गाडीत तू किती निवांत बोलतेस. थांबून थांबून. मला बोलायला जागा ठेवतेस." घरात मात्र तिनं तोंड उघडलं की त्यांची नजर तिच्या ओठांवर एक क्षण टेकायची आणि खिडकीबाहेर जायची. ऊन असतानाही ते तिची शाल खाली घेऊन जायला लागले. का, म्हणून तिनं खुणेनं विचारलं तर म्हणाले, "गाडीत गारठतेस ना तू." तिनं खाली जाऊन काचेतून पाहिलं, तर शाल शिकाऊ माणसाच्या सीटवर नीट खांद्यांशी लपेटावी तशी लावलेली होती.

वरच्या मजल्यावर एक पेन्शनर काका राहायचे. चमचा पडला तरी जिन्यात येऊन तक्रार करणारा माणूस. ते भेटले तेव्हा तिनं आधीच पडतं घेतलं. "काका, आमच्या गाडीच्या धडधडीचा त्रास होत असेल तुम्हाला."

"कसली धडधड?" काका म्हणाले. "उलट मीच विचारणार होतो, तब्येत बरी आहे ना? हल्ली तुमच्याकडून काहीच ऐकू येत नाही. तुझंसुद्धा."

ती घरात आली. मास्तर गाडीत जाऊन अर्धा तास झाला होता. आणि जिच्याशिवाय टेप लागत नाही ती गाडीची किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकत होती.

तरी तिचा जीव मानेना. खोडीच असेल, लांबलेली असेल. बाई कशाकशाला धरून राहते, कारण सोडलं तर खाली काय आहे ते तिला माहीत असतं. तिनं मास्तरांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. पाटीवर लिहिलं, काल मी गाडीत काय सांगितलं?

मास्तरांनी वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर माया दाटून आली. "तुझ्या काकूच्या चष्म्याचं," ते म्हणाले. "तू आठ वर्षांची होतीस. गंमत म्हणून पिठाच्या डब्यात लपवलास. ती तशीच शोधायला निघाली आणि विहिरीच्या पायऱ्यांवरून पडून गेली. मग तू तो चष्मा धुतलास, पुसलास आणि तिच्या उशाशी ठेवलास, जसा काही तिथंच होता. कुणाला सांगितलं नाहीस. काल सांगितलंस, बरं केलंस. मन हलकं झालं ना?"

मास्तरिणीनं हे आईला सांगितलं नव्हतं. बहिणीला नाही. देवापुढंसुद्धा हात जोडताना तेवढं वगळून बाकीचं सांगायची. ओट्याची कड धरून ती उभी राहिली आणि पीठ लागल्यासारखे तिचे हात पांढरे झाले.

आणि मग जे मनात आलं, ते काकूपेक्षा वाईट होतं. डिकीतलं जे काही आहे त्याला चष्मा माहीत आहे, तर ते दोन दिवसही माहीत असणार. सांगितलं असेल का? अजून नसेल. सांगितलं असतं तर या माणसानं माझ्याकडे असं मायेनं बघितलं नसतं. म्हणजे ते राखून ठेवलंय. कधीतरी थांबून थांबून, निवांत, मास्तरांना बोलायला जागा ठेवून ते सांगेल, आणि ते माझ्याच आवाजात सांगेल, आणि मी इथं वर भांडी घासत असेन.

तिनं तातडीनं पाटी घेतली. मास्तरांनी हात वर केला. "आता नको. गाडीत सांग."

"मी इथं आहे!" ती ओरडली. "मी इथं आहे, अहो! घरात! ही बघा!" तिनं त्यांचे दोन्ही हात धरून आपल्या गळ्यावर ठेवले आणि पुन्हा ओरडली, नुसतंच, शब्द नसलेलं, नसा फुगेपर्यंत. मास्तरांनी हात काढून घेतले आणि काळजीनं विचारलं, "खोकला झालाय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्या आधी खाली उतरली. दोन्ही कानांत कापूस कोंबला, वर मेण लावलं, पदर घट्ट बांधला आणि मागच्या सीटवर, पेटीला पाठ टेकून बसली. ऐकायला कान नसावे लागतात, तर नसू देत. मास्तर आले. त्यांनी मागं पाहिलं नाही. शेजारच्या सीटवरची शाल सारखी केली, पंजा डॅशबोर्डवर ठेवला. मास्तरीण श्वास रोखून पाठीनं ऐकत राहिली. पाठीमागं काही नव्हतं. कापड, लाकूड, आणि तिचंच काळीज, ते मात्र धडधडत होतं. समोर मास्तरांची मान हलत होती, हो, हो, हं. मग ते बोलायला लागले. ते काय म्हणतायत ते कळावं म्हणून तिनं घाईनं एका कानातला बोळा उपसला.

"...नाही गं," मास्तर शेजारच्या सीटला सांगत होते. "राहू दे. तिला नाही ऐकू येत."

त्याच दुपारी मास्तर झोपले असताना तिनं गाडी काढली. वाटेत एकच हिशेब डोक्यात घोळत होता, आणि तो काही केल्या सुटेना. पेटी काढली तर मास्तर पुन्हा गप्प होतील. सात महिने, सात वर्षं, कायमचे. ठेवली तर बोलतील, पण कुणाशी? बोलका नवरा दुसरीचा, की मुका नवरा आपला? सिग्नलला मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले तेव्हा तिला कळलं की आपण हे मोठ्यानं बोलतोय.

"या ताई!" टेपवाला म्हणाला. "किती दिवस वाट बघायची? मला वाटलं, बेत बदलला तुमचा."

"काढा ते."

"काढा? अजून लागलं कुठंय?" त्यानं खण उघडून बोटभर लांबीची काळी डबी काउंटरवर ठेवली. तिच्यावर कागद चिकटवला होता, मास्तर. "डबी संपली होती, दुसऱ्या दिवशी येणार होती. डिकीतून सांगितलं होतं मी तुम्हाला, उद्या आणा, दोन वायरी जोडायच्या राहिल्यात. तुम्ही हो हो म्हणालात की."

तो तिला गाडीशी घेऊन गेला, मागच्या सीटची कड उचलली आणि दाखवलं. स्पीकरच्या वायरी इथं. ॲम्प्लिफायरच्या वायरी तिथं. मध्ये हातभर अंतर. चारही टोकांना त्यानंच गुंडाळलेली पिवळी टेप, धूळ बसलेली, कुणी नख लावलेलं नाही.

"मग वाजत होतं कसं?"

"वाजणारच नाही." त्यानं गाणं लावलं, तिचा हात धरून पेटीच्या गोल पडद्यावर ठेवला. पडदा गार होता आणि मेल्यासारखा निश्चल. "बघा. मुकी आहे. जन्मल्यापासून मुकी. दहा मिनिटं द्या, बोलती करतो."

"नको," ती म्हणाली. "काढा. पेटी काढा, लाल वायर काढा, काळी काढा. एक स्क्रू ठेवू नका. खरवडलाय तिथं रंग लावून द्या."

तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं पाना उचलला. उन्हं कलेपर्यंत त्यानं सगळं उपसलं. रिकामी डिकी तिनं स्वतःच्या हातानं चाचपली, कोपरे, सांधे, स्टेपनीखालची जागासुद्धा. काही नव्हतं. शाल तिनं घडी करून मांडीवर घेतली आणि घरी निघाली.

मास्तर इमारतीखाली उभे होते. गाडी नेहमी जिथं असायची त्या मोकळ्या चौकोनाच्या कडेला, बाहेरगावाहून येणाऱ्या माणसाची वाट बघत उभं राहावं तसे. गाडी थांबली तसं त्यांनी दार उघडलं आणि आपल्या जागेवर बसले. मास्तरीण स्टिअरिंग धरून त्यांच्याकडे बघत राहिली. आता कळेल यांना. आता शोधतील, डॅशबोर्ड चाचपतील, कासावीस होतील, आणि मग माझ्याकडे बघतील, कारण बघायला दुसरं कुणी राहिलेलंच नाही. त्यांनी पंजा डॅशबोर्डवर ठेवला. इंजिन बंद होतं. टेप बंद होता. मास्तरांचा चेहरा हळूहळू निवला, आणि त्यांनी मान डोलावली. हो. हं. हो.

तेव्हा मात्र तिला धीर धरवेना. पाटी पिशवीतच होती. गुडघ्यावर टेकवून तिनं लिहायला सुरुवात केली, खडू दोनदा मोडला. तुम्ही खरंच बहिरे झाला होतात. मला खोडी वाटली. मी दोन दिवस नुसते ओठ हलवले. डॉक्टर म्हणाले दोन दिवस आधी आणायला हवं होतं. माझ्यामुळे गेले कान. एका बाजूला मावलं नाही म्हणून पाटी फिरवून मागच्या बाजूला लिहिलं, मला मारा, पण माझ्याशी बोला. आणि पाटी त्यांच्या डोळ्यांपुढं धरली.

मास्तरांनी वाचलं. सावकाश वाचलं. तिनं पाटी उलटी केली, तेही वाचलं. तिला वाटलं आता आभाळ कोसळणार, आणि कोसळू दे, असंही वाटलं.

"हो," मास्तर म्हणाले. "हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. इथंच बसून. मध्येच हसली, मग हसली म्हणून रडली. मी म्हटलं, जाऊ दे, त्यात काय. खोडकरच आहोत आम्ही दोघं." त्यांचे डोळे भरून आले होते. "त्यानंतर तिचं मन फार शांत झालं बघा."

मास्तरिणीनं त्यांचा हात धरला. मास्तरांनी त्या हाताकडे पाहिलं, तो हळूच सोडवला आणि तिच्याच मांडीवर परत ठेवला, गर्दीत चुकून लागलेला परक्या बाईचा हात ठेवावा तसा, अदबीनं. मग त्यांच्या कपाळावर आठी आली.

"पण हे आमच्या घरातलं," ते म्हणाले, "तुम्हाला कुठून कळलं?"

तिचे ओठ हलले. आवाज निघाला की नाही, तिचं तिलाही समजलं नाही.

"माफ करा," मास्तर म्हणाले, आणि संकोचानं थोडं हसले. "जरा उतरता का? तिच्या जागेवर बसलाय तुम्ही. मघापासून उभी आहे ती."

मास्तरीण उतरली. मांडीवरची शाल तिनं सीटवर ठेवली, खांद्यांशी येईल अशी. आणि दार लावलं, अगदी हळू, आतल्या माणसांचं बोलणं तुटू नये म्हणून.